लिहिणाऱ्यांची खानेसुमारी

आपल्याकडे माणसं मोजायची वेळ दोनदाच येते. एकदा लग्नात पानं किती पडणार हे ठरवताना, आणि एकदा दर दहा वर्षांनी सरकारला आपली आठवण होते तेव्हा. (तीही २०२१ साली व्हायची ती हुकलीच म्हणा.) त्यातल्या त्यात लग्नातली मोजणी सोपी. आचारी विचारतो, ‘पानं किती?’ यजमान म्हणतो, ‘चारशे धरा.’ आचारी मनात साडेचारशे धरतो आणि येतात पाचशे. पण आकडा चुकला तरी तिथं माणूस कुणाला म्हणायचं याबद्दल वाद नसतो. जो जेवला तो एक. त्यानं आहेर केला का, मंगलाष्टकं चालू असताना तो बाहेर सिगरेट ओढत होता का, असल्या चौकशा आचारी करत नाही.

लेखकांचं तसं नसतं. लेखक मोजायचे ठरवलं की पहिल्या डोक्यालाच अडखळायला होतं.

हा प्रश्न मला आपणहून पडलेला नाही. मला आपणहून पडणारे प्रश्न भाजीच्या पिशवीच्या फार पुढं जात नाहीत. तो मला नेमून दिला गेला. आमच्या उपनगरात लिहिणाऱ्यांचं एक मंडळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमायचं, आपापलं लिखाण वाचायचं, दुसऱ्याचं ऐकायचं (निदान तसा चेहरा करायचा), चहा प्यायचा आणि सतरंज्या घडी करून घरी जायचं, एवढंच त्याचं कार्य. सभेसाठी एक सभागृह सवलतीच्या भाड्यात मिळत असे. ज्यांच्या ताब्यात ते सभागृह आहे त्या कार्यालयातून एक दिवस पत्र आलं, की सदर संस्थेची गेल्या पंचवीस वर्षांतली ‘उत्तरोत्तर वाढ’ दर्शविणारा तक्ता जोडावा, अन्यथा सवलतीचा विचार करता येणार नाही. आमची वाढ झाली आहे, आणि तीही उत्तरोत्तर, हे कार्यालयानं परस्पर ठरवून टाकलं होतं. आम्ही फक्त पुरावा द्यायचा होता.

काम माझ्याकडे आलं, कारण मी बँकेतून निवृत्त झालेलो. बँकेतल्या माणसाला आकडे कळतात असा लोकांचा समज आहे. बँकेनंही तो माझ्या बाबतीत तीस वर्षं निमूटपणे सहन केला.

चिटणिसांनी कपाटातून हजेरीच्या वह्या काढून दिल्या. दोनशेपानी, पुठ्ठ्याच्या, एकीवर सांडलेल्या चहाचा नकाशा. प्रत्येक पानावर तीन रकाने : नाव, सही, ‘काय वाचलं’. मी दोन रात्री बसून सह्या मोजल्या आणि आलेखाच्या कागदावर ठिपके दिले. ठिपके जोडल्यावर जी रेघ आली ती बघून डॉक्टरनं कपाळावर आठ्या घातल्या असत्या. दहा, अकरा, नऊ, एकदम सत्तावन्न. पुन्हा बारा, दहा, आठ, एकदम पन्नास. अकरा महिने साहित्य अंथरुणाला खिळलेलं आणि एकदा ताडकन उठून बसलेलं. तारखा पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. उंच ठिपके सगळे कोजागरीचे होते. मी आलेख काढायला बसलो होतो साहित्याचा, आणि निघाला मसाला दुधाचा.

तेव्हा सह्या मोजून भागणार नाही, सभासद मोजायला हवेत, असं ठरलं. आणि मग खरा घोळ सुरू झाला. सभासद म्हणजे कोण? खजिनदारांच्या मते, ज्याची वर्गणी चुकती तो. हा नियम लावला तर आजमितीला सभासद एकोणीस, आणि दहा वर्षांपूर्वी होते चौतीस. म्हणजे वाढ खरी, पण उलटीकडे. अध्यक्षांच्या मते, जो लिहितो तो. मग आमच्याच गल्लीत राहून भराभर कादंबऱ्या लिहिणारा आणि मंडळाकडे ढुंकून न पाहणारा तो गृहस्थ सभासद, आणि पंधरा वर्षं दर महिन्याला येऊन ‘पुढच्या खेपेला वाचतो’ म्हणणारे आमचे उपाध्यक्ष बाद! चिटणीस मात्र धोरणी. ते म्हणाले, “अहो, एवढं कशाला? ज्यानं एकदा सही केली तो कायमचा आपला. पहिल्या वहीपासून वेगवेगळी नावं मोजा.” मोजली. दोनशे अकरा भरली. शिवाय या पद्धतीत एक सोय अशी, की रेघ कधी खाली येतच नाही. माणूस कंटाळून यायचा थांबला, गाव सोडून गेला, फार काय, जग सोडून गेला, तरी तो उत्तरोत्तर वाढीत सामीलच राहतो. स्वर्गवासी झालेला कवीदेखील मंडळाच्या भरभराटीला हातभार लावतो.

आता गंमत बघा. एकोणीस हा आकडाही खरा आणि दोनशे अकरा हाही खरा. दोन्ही त्याच वह्यांतून निघालेले. एक रेघ खाली जाणारी, एक वर जाणारी. वर जाणारी निवडून पाठवली तर मी खोटं बोललो का? आकडा तर एकही खोटा नाही. लहानपणापासून आपल्याला शिकवलेलं असतं की खोटं बोलायला खोटी गोष्ट सांगावी लागते. बँकेत तीस वर्षं काढल्यावर मी सांगतो, तशी काही गरज नसते. बेरीज बिनचूक ठेवून, नुसतं कुठून मोजायला लागायचं आणि कुठं थांबायचं एवढं आपल्या हातात ठेवलं तरी पुष्कळ काम होतं.

तर्कशास्त्रात एक जुनं ग्रीक कोडं आहे. गव्हाचा एक दाणा म्हणजे काही ढीग नव्हे. त्यात एक दाणा टाकला तरी ढीग होत नाही. आणखी एक टाकला तरी नाही. मग नेमक्या कितव्या दाण्याला ढीग होतो? अडीच हजार वर्षं शहाणी माणसं या ढिगाभोवती बसली आहेत. मराठी माणसाला हे कोडं गव्हाऐवजी कवींवर घातलं असतं तर केव्हाच सुटलं असतं. एक कवी म्हणजे एकांत, दोन म्हणजे मतभेद, तीन म्हणजे मंडळ आणि चार म्हणजे दोन मंडळं.

मंडळाच्या निमित्तानं मी जरा मागचं चाळलं, की आपल्याकडे लिहिणाऱ्यांची मोजदाद पहिल्यांदा करायला घेतली कुणी? मला वाटलं होतं एखादा रसिक असेल. तर निघालं सरकार. १८६७ साली इंग्रजांनी छापखाने आणि पुस्तकनोंदणीचा कायदा केला. पुस्तक छापलं की प्रती सरकारात पोचवायच्या आणि सरकार दर तीन महिन्यांनी त्यांच्या याद्या छापणार. उत्तरेत काय होऊन गेलं होतं त्याला दहाच वर्षं झाली होती, तेव्हा ही मोजणी निव्वळ साहित्यप्रेमापोटी होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण एक खरं, की कुणीतरी आपली पुस्तकं इतक्या नेमानं मोजतो आहे हे सुख मराठी लेखकाला तेव्हा पहिल्यांदा मिळालं. पाळतीवरचा माणूस का होईना, नियमित वाचक तो!

पुढं प्रेमानं मोजणाराही निघाला. शंकर गणेश दाते नावाच्या माणसानं १८०० ते १९५० या दीडशे वर्षांत छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची करायला घेतली, आणि ग्रंथालयं पालथी घालून दोन खंडांत ती पुरी केली. पहिला खंड १९३७ पर्यंतचा, दुसरा तिथून १९५० पर्यंतचा. लोक त्यांना ‘सूचिकार दाते’च म्हणू लागले. दुसऱ्यानं लिहिलेल्या पुस्तकांची नावं नीट लिहून ठेवण्यात आयुष्य घालवणारा माणूस मला तरी शंभर पुस्तकं लिहिणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो. शंभर लिहिणाऱ्याला निदान एका पुस्तकावर तरी आपलं नाव दिसतं याचा आनंद असतो.

पण दात्यांसारखा साक्षेपी माणूसदेखील कुठंतरी थांबणारच. ते थांबले १९५० ला. आणि बहिणाबाई चौधरी गेल्या १९५१ साली, त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं १९५२ साली. खानदेशात जन्मभर शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांनी गाणी रचली. लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी, मुलगा सोपानदेव यांनी ती उतरवून घेतली म्हणून राहिली. या बाईचं काय करायचं? त्यांना लेखक म्हणावं तर त्यांनी अक्षर गिरवलेलं नाही. न म्हणावं तर उरलेल्यांना काय म्हणायचं हा प्रश्न येतो. त्यांनी एखाद्या मंडळात हजेरी लावली असती तर सहीच्या रकान्यात अंगठा उमटवावा लागला असता, आणि आमच्या उपाध्यक्षांनी त्यांना श्रोत्यांत बसवलं असतं. दोष सूचीचा नाही. सूची छापलेलंच मोजणार. पण १९५० साली कुणी मराठी कवींचा आलेख काढला असता तर त्यात बहिणाबाईंचा ठिपका नसता, आणि आलेख काढणाऱ्याला तो नसल्याचं कळलंही नसतं. आकड्यांची ही एक खोड आहे. जे मोजलं नाही ते नाहीच, असं ते फार आदबीनं सुचवतात.

साहित्य संमेलनाचंच घ्या. पहिलं ग्रंथकार संमेलन पुण्यात १८७८ साली भरलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी ते जमवलं, अध्यक्ष रानडेच. दुसरं १८८५ साली. तिसरं साताऱ्याला, १९०५ साली. म्हणजे मध्ये वीस वर्षं सामसूम. आलेखाच्या कागदावर या वीस वर्षांची रेघ अगदी जमिनीला टेकलेली येईल. एखाद्या कार्यालयानं ती पाहिली असती तर मराठी वाङ्मयाची सवलत तिथल्या तिथं काढून घेतली असती. आणि या वीस वर्षांत झालं काय? केशवसुतांची बहुतेक सगळी कविता याच वीस वर्षांत लिहून झाली. १८८५ च्या सुमारास ते लिहू लागले आणि १९०५ साली वारले. म्हणजे त्यांनी अगदी कंसात बसवल्यासारखं आयुष्य लिहिलं, आणि त्या कंसात एकही संमेलन नाही! हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढलं आणि मराठी बायकांचं दुःख कादंबरीत आणलं ते याच काळात. देवलांची ‘शारदा’ १८९९ ची. आधुनिक मराठी साहित्याच्या पायाचे दगड बसले ते नेमके त्या रेघेखाली, जिथं आलेखावर काहीच नाही. याचा अर्थ संमेलनं बंद केली की साहित्य वाढतं असा कुणी काढू नये. (काढायचाच असेल तर आमच्या मंडळाचं नाव घेऊ नये.) अर्थ इतकाच, की जमणं वाढलं म्हणजे लिहिणं वाढलं असं होत नाही. कधी कधी माणूस जमायला येत नाही, कारण तो घरी लिहीत बसलेला असतो.

आणि कधी तो दुसऱ्याच कारणासाठी येत नाही. १८८५ च्या त्या दुसऱ्या सभेचं बोलावणं जोतिराव फुल्यांनाही गेलं होतं. ते गेले नाहीत. नुसते गेले नाहीत असं नव्हे, तर का येत नाही हे त्यांनी पत्र लिहून कळवलं. सारांश असा, की जे लोक आम्हाला माणसाचे हक्क मनापासून द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. सभेला ग्रंथकार किती जमले हे वृत्तांतात मिळतं. ही गैरहजेरी मात्र कुठल्याही बेरजेत येत नाही. मला विचाराल तर त्या दिवशीच्या सभेतली सगळ्यांत महत्त्वाची नोंद तीच. हजर कितीही असोत, ‘सर्व’ हा शब्द वापरायची त्यांना सोय उरली नाही.

त्या पत्राला आणखी त्र्याहत्तर वर्षं जावी लागली, तेव्हा १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक अण्णाभाऊ साठे. शाळेशी त्यांची ओळख जेमतेम दीड दिवसाची. अशी माणसं एकाएकी उगवली असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. ती उगवलेली नव्हती, होतीच. मोजायला कुणी त्या वस्तीत गेलं नव्हतं. बायकांचंही तेच. संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली बाई आली १९६१ साली, कुसुमावती देशपांडे. दिल्लीला २०२५ साली ९८वं संमेलन झालं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या, आणि त्या सहाव्या. अठ्ठ्याण्णवांत सहा. मराठी बायकांनी सव्वाशे-दीडशे वर्षांत लिहिलं त्यातलं पुष्कळसं दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानांवर आहे, आणि रद्दीवाल्यानं ते किलोच्या भावानं मोजून नेलेलं आहे. तीही एक मोजणीच.

हे सगळं मी आमच्या कार्यकारिणीपुढं मांडलं. खजिनदार म्हणाले, “ते सगळं खरं. पण तक्त्यात काय भरायचं?”

आणि तिथंच आमच्या तिसऱ्या रांगेतल्या काकांचा प्रश्न निघाला.

हे काका पोस्टातून निवृत्त झालेले. बावीस वर्षं प्रत्येक सभेला तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. कधी एक ओळ लिहिली नाही, वाचली तर नाहीच. वहीत ‘काय वाचलं’ या रकान्यात सगळे आपापल्या कवितांची नावं लिहायचे, तिथं काका लिहीत : ‘ऐकलं’. बावीस वर्षांच्या वह्यांतून तेच. ऐकलं. ऐकलं. ऐकलं. एखाद्या कवीनं जुनी कविता नव्या नावानं वाचली त्या दिवशी ‘पुन्हा ऐकलं’. आमच्या अध्यक्षांनी खंडकाव्य वाचलं त्या दिवशी ‘शेवटपर्यंत ऐकलं’. टीका म्हणावी तर एवढीच.

२०१९ साली काका गेले. हजेरीची वही समोर असल्यामुळं पुढचं मी नुसत्या भावनेनं बोलत नाही. काकांच्या आधीच्या सहा सभांत हजेरी चौदा-पंधरा. नंतरच्या सभेत नऊ, मग सात, मग सहा. एक माणूस गेला तर चौदातून तेराच उरायला हवेत. बँकेच्या कुठल्याही पुस्तकात ही वजाबाकी बसत नाही. मी एकेकाला विचारलं, तर प्रत्येकानं वेगळं कारण सांगितलं : गुडघे, नातवाची परीक्षा, रिक्षा मिळत नाही. पण आमच्या एका कथालेखिकेनं खरं सांगितलं. म्हणाली, “वाचताना मी तिकडे बघायची. वाक्य खोटं उतरलं असलं की काका मान खाली घालून चपलेकडे बघत. घरी गेले की मी ते वाक्य खोडायची. आता कुठं बघू?”

मग एकेकानं कबूल केलं, की तेही तिकडेच बघत. म्हणजे पंधरा जणांचं लिखाण बावीस वर्षं एका चपलेकडे बघणाऱ्या माणसानं तपासलं होतं, आणि कार्यालयाच्या छापील तक्त्यात रकाना होता : ‘लेखन करणारे सभासद’. काकांना त्यात घालावं तर ती खोटी माहिती. न घालावं तर उरलेली पंधरा नावं निम्मीच खरी.

कार्यकारिणीत दोन तास चर्चा झाली. चिटणीस दोनशे अकरावर ठाम होते. “सभागृह गेलं तर तुमचं सत्य घेऊन कुठं बसायचं? कट्ट्यावर?” हा प्रश्न मला वाटतो तितका हलका नव्हता. जागा गेली तर मंडळ मोडणार, मंडळ मोडलं तर उरलेले सहा जणही घरी बसणार, त्यातल्या चौघांना घरात कुणी ऐकून घेत नाही. त्या चौघांसाठी एक सोयीचा आकडा लिहिला तर कुणाचं काय बिघडणार होतं? मी रात्रभर विचार केला. शेवटी मला जे वाटलं ते असं, की दोनशे अकरा लिहिले तर काका त्यात एक होतील. एकशे ब्याण्णव माणसं एकदाच दूध पिऊन गेली, आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याच मापानं, काका. फुगवलेल्या आकड्यानं कार्यालयाची फसवणूक होते की नाही ते मला सांगता येणार नाही. कार्यालयं फसायला फारशी कुरकुर करत नाहीत. पण काकांच्या बावीस वर्षांची किंमत एक वाटी दूध करून टाकायला माझा हात वळेना.

मी दोन्ही रेघा काढल्या. वर जाणारी निळ्या शाईत, खाली येणारी लाल शाईत. छापील रकान्यांच्या शेजारी हातानं एक रकाना आखला, ‘ऐकणारे’, आणि त्यात १९९७ ते २०१९ पर्यंत दर वर्षापुढं ‘१’ लिहिलं. पुढच्या वर्षांपुढं शून्य. चिटणिसांनी कपाळाला हात लावून सही केली.

कार्यालयातल्या साहेबांनी तक्ता उलटा-सुलटा करून पाहिला. लाल रेघ पाहिली, निळी पाहिली, माझा रकाना पाहून “हे काय?” असं विचारलं. मी सांगायला लागलो तसं ते फाइल बांधायलाही लागले. म्हणाले, “ते राहू द्या. खुर्च्या किती लागतात?”

“पंधरा,” मी म्हणालो. “जेमतेम.”

“मग दीडशे खुर्च्यांचं सभागृह कशाला अडवता? मागं सतरंज्या ठेवायची खोली आहे. ती घ्या. भाडं निम्मं.”

दुसऱ्या शनिवारी आम्ही त्या खोलीत जमलो. सतरंज्यांचा ढीग (किती सतरंज्या ते मोजलं नाही, पण ढीग होता यात शंका नाही) एका भिंतीला सरकवला आणि बसलो. अकरा जण आले होते. मोठ्या सभागृहात अकरा माणसं म्हणजे पावसानं उठून गेलेला बाजार दिसतो. इथं गुडघ्याला गुडघे लागले. उशिरा आलेली दोन माणसं दारात उभी राहिली. वाचणाऱ्याला कुठं बघू असा प्रश्न पडेना, कारण जिकडे बघावं तिकडे हातभर अंतरावर कुणीतरी होतंच. चिटणिसांनी वही उघडली, सह्या घेतल्या आणि वृत्तांतात मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘जागा अपुरी पडली.’